कार्डिनल जाँ लम्वान : आरोपीस विचारल्यावांचून न्याय नाहीं



आपल्या पॅरिशच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मारक-पुस्तिकेंत आम्हीं कांहीं लिहावें अशी महोत्सव-मंडळाची इच्छा आहे. मंदिराचा पाया, घंटा, शाळा व पूर्वींचे धर्मगुरू यांची हकीकत इतर लेखांत आलीच आहे. तिची पुनरुक्ति करण्यापेक्षां 'ज्युबिली' या शब्दापासूनच आरंभ करावा असें आम्हांस वाटलें. ज्युबिली म्हणजे केवळ रोषणाई, मिरवणूक व मेजवानी नव्हे. जुन्या करारांतील नियमाप्रमाणें पन्नासाव्या वर्षीं विकली गेलेली जमीन मूळ कुळास परत मिळे आणि कर्जापायीं दास झालेला बांधव मोकळा होऊन घरीं जाई. ज्याचें त्याला परत करणें हा ज्युबिलीचा मूळ अर्थ आहे, आणि न्यायाचाही अर्थ तोच आहे.

ख्रिस्तसभेंतील पहिली ज्युबिली आठवे बोनिफेस पोपमहाराज यांनीं इ. स. १३०० मध्यें जाहीर केली. त्या वर्षीं २२ फेब्रुवारीस निघालेल्या त्यांच्या आज्ञापत्रांत असें ठरलें कीं, खऱ्या पश्चात्तापानें आपल्या पापांची कबुली देऊन जे रोमवासी तीस दिवस, व जे परदेशी पंधरा दिवस, संत पेत्र व संत पौल यांच्या महामंदिरांची यात्रा करतील, त्यांस पापदंडाची पूर्ण माफी मिळावी. या आज्ञापत्राचा अर्थ लावून त्यावर टीका लिहिणारे एक विद्वान फ्रेंच कार्डिनल त्या वेळीं पोपमहाराजांच्या सभेंत होते. त्यांचें नांव जाँ लम्वान. लॅटिन ग्रंथांत त्यांस योहान्नेस मोनाकुस असें म्हणतात. आज पॅरिस शहरांतील एका रस्त्यास व भुयारी रेल्वेच्या एका स्थानकास त्यांचें नांव आहे. परंतु त्यांचें खरें स्मारक निराळेंच आहे. अपराध सिद्ध होईपर्यंत प्रत्येक मनुष्यास निर्दोष मानावें, हें तत्त्व आज जगांतील बहुतेक न्यायमंदिरांत मानलें जातें. उपलब्ध ग्रंथांवरून पाहतां, हें तत्त्व सूत्ररूपानें प्रथम लिहून ठेवणारे हेच कार्डिनल होत. त्यांचें चरित्र व ही शिकवण आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

जन्म व शिक्षण

कार्डिनल लम्वान यांचा जन्म सुमारें १२५० सालीं उत्तर फ्रान्समधील क्रेसी या गांवीं झाला. पुढें १३४६ सालीं याच गांवाजवळ इंग्रज व फ्रेंच यांची मोठी लढाई झाली, त्यामुळें इतिहासाच्या वाचकांस हें नांव परिचित असेल. 'लम्वान' या शब्दाचा अर्थ मठवासी साधू असा आहे. तथापि ते कोणत्याही मठांतील नव्हते, तें केवळ त्यांचें आडनांव होतें. पॅरिस येथें ख्रिस्तसभेच्या कायद्याचें अध्ययन करून ते त्या शास्त्रांत आचार्य झाले. नंतर ते रोमला गेले व पोपमहाराजांच्या न्यायसभेंत त्यांस 'ऑडिटर' हें पद मिळालें. ऑडिटर या लॅटिन शब्दाचा सरळ अर्थ 'ऐकणारा' असा आहे. दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकून घेणें हें त्या न्यायाधीशाचें पहिलें काम, म्हणून त्यास हें नांव. हा अर्थ वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कारण पुढें या कार्डिनलांनीं जें शिकविलें त्याचें बीज या एका शब्दांत आहे.

दिव्याकडून पुराव्याकडे

लम्वान यांच्या पूर्वींच्या युरोपांत न्याय कसा होत असे हें थोडें पाहिलें पाहिजे. आरोपीच्या हातांत तापलेलें लोखंड द्यावें, किंवा उकळत्या पाण्यांत त्याचा हात घालावा, आणि जखम बरी होते कीं चिघळते यावरून तो निर्दोष कीं अपराधी हें ठरवावें, अशी रीत पुष्कळ ठिकाणीं होती. आपल्या महाराष्ट्रांतही पूर्वीं उकळत्या तेलातुपांतून धातूचा तुकडा काढण्याचें रवादिव्य होत असे. तेव्हां ही रीत आपल्या वाचकांस अगदींच अपरिचित वाटूं नये. इ. स. १२१५ मध्यें रोम येथें भरलेल्या चवथ्या लातरान धर्मपरिषदेनें असल्या दिव्यांवर आशीर्वाद उच्चारण्याची धर्मगुरूंस मनाई केली. धर्मगुरूंचा आशीर्वाद गेला तसा दिव्यांचा आधारही खचूं लागला. मग अपराध ठरवावा कसा? साक्षी घ्याव्या, कागदपत्रें तपासावीं, आणि आरोपीस बोलावून त्याचें म्हणणें ऐकावें, याच मार्गावर आतां सारा भार आला. हा मार्ग आंखून देण्याचें काम ख्रिस्तसभेच्या कायदेपंडितांनीं मोठ्या परिश्रमानें केलें.

त्यांच्या हाताशीं ग्रंथही होते. इ. स. ११४० च्या सुमारास ग्रात्सियान या पंडितानें बोलोन्या येथें जुन्या नियमांचा मोठा संग्रह केला होता. १२३४ मध्यें नववे ग्रेगरी पोपमहाराज यांनीं संत रेमंड यांजकडून पोपनिर्णयांचे पांच भाग रचवून घेतले. त्यांस पुरवणी म्हणून आठवे बोनिफेस यांनीं १२९८ मध्यें आणखी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तो पांचांच्या मागून आला म्हणून त्यास 'सहावा ग्रंथ' असेंच नांव पडलें. या ग्रंथावर ज्यांनीं प्रथम टीका लिहिल्या त्यांत कार्डिनल लम्वान अग्रगण्य होते. त्यांची टीका १३०१ मध्यें पूर्ण झाली, आणि ती त्यांनीं आपल्या पॅरिसच्या विद्यापीठाकडे पाठविली. पुढें लोक तिला 'सोन्याची टीका' म्हणूं लागले. सव्वादोनशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, १५३५ सालीं, ती पॅरिसांत छापूनही निघाली.

राजा व पोपमहाराज यांच्यामध्यें

लम्वान यांस कार्डिनलपद मिळालें तो काळ मोठा विलक्षण होता. १२९२ मध्यें चवथे निकोलास पोपमहाराज वारल्यावर दोन वर्षांहून अधिक काळ पेत्राचें आसन रिकामें होतें. शेवटीं जुलै १२९४ मध्यें पेत्रो नांवाच्या एका डोंगरांत राहणाऱ्या वृद्ध तपस्व्याची निवड झाली. तेच पांचवे सेलेस्तीन. त्यांनीं त्याच वर्षीं १८ सप्टेंबरला बारा कार्डिनल नेमले, त्यांत लम्वान हे एक होते. मात्र राज्यकारभार त्या साधुपुरुषास झेपेना. अवघ्या पांच महिन्यांत, १३ डिसेंबरला, त्यांनीं पदत्याग केला. नाताळच्या पूर्वसंध्येस आठवे बोनिफेस निवडून आले. ते स्वतः मोठे कायदेपंडित होते, पण त्यांचा स्वभाव तापट होता.

बोनिफेस व फ्रान्सचा राजा चवथा फिलिप यांचें वैर प्रसिद्ध आहे. पोपमहाराजांच्या संमतीवांचून धर्मगुरूंवर कर बसवावा कीं नाहीं येथून तंट्यास आरंभ झाला. १३०१ मध्यें फिलिपनें पामिये येथील बिशपांस अटक करविली, तेव्हां तो विकोपास गेला. फ्रान्सच्या बिशपांस विचारासाठीं रोमला बोलाविलें, तर राजानें त्यांस सरहद्द ओलांडण्याची बंदी केली. अशा वेळीं, १३०२ च्या अखेरीस, पोपमहाराजांनीं आपला वकील म्हणून कार्डिनल लम्वान यांस फिलिपकडे पाठविलें. ते जन्मानें फ्रेंच, पॅरिसच्या विद्यापीठाचे, आणि त्याच वर्षीं पॅरिसांत गरीब विद्यार्थ्यांसाठीं एक विद्यालय स्थापन करणारे. राजास त्यांच्याइतका मान्य होईल असा दुसरा माणूस सांपडणें कठीण होतें.

त्यांनीं राजापुढें बारा कलमें ठेविलीं. राजानें उत्तर दिलें तें गोड पण निसटतें होतें. पोपमहाराजांचें त्यानें समाधान झालें नाहीं. राजा बहिष्कारास पात्र झाला आहे असें कळविणारीं पत्रें घेऊन रोमहून दूत निघाला, तर त्यास फ्रान्समध्यें वाटेंतच पकडून बंदींत टाकलें. कार्डिनल लम्वान हात हालवीत परत आले. इकडे राजाच्या मंत्र्यांनीं भर सभेंत बोनिफेस यांच्यावर पाखंड, खून, जादूटोणा असे भयंकर आरोप वाचून दाखविले. ते आरोप ज्यांच्यावर केले ते शेंकडों कोस दूर होते. ७ सप्टेंबर १३०३ रोजीं राजाचा मंत्री नोगारे व रोममधील कोलोन्ना घराण्याचे लोक शस्त्रें घेऊन आनान्यी येथील वाड्यांत शिरले आणि त्यांनीं वृद्ध पोपमहाराजांस कैद केलें. गांवकऱ्यांनीं त्यांची सुटका केली. परंतु त्या धक्क्यानें खचून ११ ऑक्टोबरला ते रोम येथें निवर्तले.

आदामाचा खटला

याच १३०३ सालीं बोनिफेस यांनीं समन्सांविषयीं एक निर्णय प्रसिद्ध केला होता. कांहीं बलिष्ठ लोक न्यायसभेचें बोलावणें आपणांपर्यंत पोहोंचूं देत नसत. दूतांस अडवीत, धमकावीत. म्हणून असें ठरलें कीं, पोपमहाराजांच्या दरबाराच्या ठिकाणीं बोलावणें जाहीर रीतीनें लावलें, म्हणजे तें त्या मनुष्याच्या हातीं दिल्यासारखेंच समजावें. या निर्णयावर टीका लिहितांना कार्डिनल लम्वान यांनीं एक नाजूक प्रश्न उपस्थित केला. अपराध सर्वांस ठाऊक आहे, उघड आहे. मग पोपमहाराजांनीं आरोपीस न बोलावतांच शिक्षा दिली तर चालेल काय?

त्या काळीं पुष्कळांनीं 'चालेल' असें उत्तर दिलें असतें. पोपमहाराजांची सत्ता सर्व कायद्यांच्या वर आहे, असें पंडित शिकवीत. कार्डिनल लम्वान यांनींही ती सत्ता नाकारली नाहीं. पण त्यांनीं एक भेद दाखविला. मनुष्यांनीं केलेले कायदे पोपमहाराज बदलूं शकतात. सृष्टीबरोबर देवानें मनुष्याच्या बुद्धींत घातलेला निसर्गनियम त्यांस बदलतां येत नाहीं. आणि आरोपीस बोलावणें व त्यास उत्तर देण्याची संधि देणें हा त्या निसर्गनियमाचा भाग आहे. यास प्रमाण काय? त्यांनीं बायबलाचें पहिलें पुस्तक पुढें केलें. आदामानें मना केलेलें फळ खाल्लें होतें, तें देवास ठाऊक होतें. देवापासून काय लपणार? तरीही देवानें त्यास तात्काळ शिक्षा केली नाहीं. त्यानें आदामाला हांक मारली, तो कोठें आहे असें विचारलें, त्यानें काय केलें तें त्याच्याच तोंडून ऐकलें. तोच प्रश्न एवेस विचारला. मग निकाल दिला. जें सर्वज्ञ देवानें टाळलें नाहीं, तें पृथ्वीवरील कोणत्याही न्यायाधीशास, खुद्द पोपमहाराजांसही, टाळतां येणार नाहीं.

आदामाचा हा दाखला त्यांनीं प्रथम शोधून काढला असें नाहीं. दीडशें वर्षांपूर्वीं ग्रात्सियानचा शिष्य पौकापालेआ यानें, न्यायालयाच्या रीतीचा उगम नंदनवनांतच झाला असें लिहून ठेविलें होतें. आदामानें त्या खटल्यांत कैफियत कशी दिली याकडेही त्यानें लक्ष वेधलें: दोष बायकोवर, आणि जिनें फळ दिलें ती बायको देवानेंच दिली म्हणून फिरून देवावर! परंतु या जुन्या विचारास कार्डिनल लम्वान यांनीं अशी धार दिली कीं ती राजदंडासही लागू व्हावी. त्याच टीकेंत त्यांनीं तें सूत्र घातलें कीं, अपराधी म्हणून सिद्ध होईपर्यंत कोणीही मनुष्य निर्दोषच समजला जातो. येथें 'कोणीही' हा शब्द महत्त्वाचा आहे. श्रीमंत, गरीब, मित्र, शत्रू असा भेद त्यांत नाहीं.

तत्त्व आणि तो काळ

असें सूत्र लिहिलें गेलें म्हणून जग लागलीच सुधारलें, असें मात्र झालें नाहीं. १३ ऑक्टोबर १३०७ रोजीं पहांटे फिलिप राजाच्या हुकुमानें फ्रान्सभर टेंपल संप्रदायाच्या वीरसाधूंस एकदम पकडण्यांत आलें. त्यांचा छळ करून त्यांच्याकडून कबुल्या घेतल्या. पुढें पुष्कळांनीं संप्रदायाच्या बचावासाठीं उभें राहण्याचें धैर्य दाखविलें, तेव्हां १२ मे १३१० रोजीं पॅरिसजवळ त्यांच्यापैकीं चौपन्न जणांस जिवंत जाळलें. १३१२ मध्यें पांचवे क्लेमेंट पोपमहाराज यांनीं तो संप्रदाय बंद केला. पण त्यांनाही तो दोषी ठरवून न्यायनिर्णयानें बंद करतां आला नाहीं, केवळ व्यवस्थेच्या अधिकारानें बंद करावा लागला. मेलेल्या बोनिफेस यांच्यावरही खटला चालविण्याचा राजाचा हट्ट होता, व त्यासाठीं आव्हिन्यों येथें जबान्या झाल्या. ख्रिस्तसभेच्या इतिहासांतील हीं पानें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. ज्यांस न्यायाचा मार्ग ठाऊक होता त्यांच्या डोळ्यांदेखत अन्याय झाला. तत्त्व माहीत असणें आणि बलवानापुढें तें पाळणें यांत अंतर असतें, हेंच त्यांवरून दिसतें.

तथापि बीज मेलें नाहीं. १३१३ मध्यें सम्राट सातवा हेन्री यानें नेपल्सच्या रॉबर्ट राजास राजद्रोही ठरवून शिक्षा फर्माविली. क्लेमेंट पोपमहाराजांनीं ती रद्द केली. रॉबर्टला रीतसर बोलावणें झालें नव्हतें, आणि बचावाचा हक्क निसर्गनियमांतून येतो, तो सम्राटासही काढून घेतां येत नाहीं, असें त्यांनीं कारण दिलें. तो निर्णय १३१७ मध्यें ख्रिस्तसभेच्या कायदेसंग्रहांत समाविष्ट झाला. परंतु तो निर्णय निघाला तेव्हां कार्डिनल लम्वान या जगांत नव्हते.

शेवट व वारसा

कार्डिनल लम्वान २२ ऑगस्ट १३१३ रोजीं आव्हिन्यों येथें देवाघरीं गेले. त्यांचा देह पॅरिसला नेऊन त्यांच्याच विद्यालयाच्या प्रार्थनामंदिरांत पुरला. नोयों येथील बिशप असलेले त्यांचे भाऊ आंद्रे यांसही पुढें तेथेंच विसांवा मिळाला. तें विद्यालय फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत, म्हणजे सुमारें पांच शतकें चाललें. आज तेथें रस्त्याचें नांव तेवढें उरलें आहे.

त्यांच्या सूत्राचा प्रवास मात्र लांबवर गेला. सोळाव्या शतकाच्या आरंभीं पॅरिसांत छापलेल्या कायदेसंग्रहांत बोनिफेस यांचा तो निर्णय आला, त्यावरील लम्वान यांची टीका वकिलांच्या हातीं पडली, आणि तींतील सूत्र ठिकठिकाणीं बचावासाठीं उपयोगी पडूं लागलें. इटलींतील मार्क्वार्दुस या कायदेपंडितानें १५५८ मध्यें यहूदी लोकांविषयीं ग्रंथ लिहिला, त्यांत त्यांसही विचारल्यावांचून शिक्षा करूं नये म्हणून या विचारांचा आधार घेतला. १७८९ च्या फ्रेंच हक्कपत्राच्या नवव्या कलमांत हें तत्त्व आलें. १० डिसेंबर १९४८ रोजीं मान्य झालेल्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या अकराव्या कलमांतही आलें. आणि २०२१ मध्यें फ्रान्सिस पोपमहाराज यांनीं ख्रिस्तसभेच्या दंडविधानाचा भाग नव्यानें प्रसिद्ध केला, त्यांतील १३२१ व्या नियमाच्या आरंभींच हेंच तत्त्व स्पष्ट शब्दांत घातलें आहे. जें एका कार्डिनलानें टीकेंत लिहिलें, तें सातशें वर्षांनंतर मूळ कायद्यांत आलें.

आमच्यासाठीं बोध

कोणी म्हणेल, हीं राजेरजवाड्यांचीं व कार्डिनलांचीं प्रकरणें. आम्हां साध्या पॅरिशवासीयांस त्यांचें काय? त्यांस उत्तर म्हणून आम्ही स्वतःचाच एक दोष येथें सांगतों.

आम्ही तरुण असतां एका दूरच्या पॅरिशमध्यें कामास होतों. तेथें मंदिराची देखभाल करणारा एक गरीब सेवक होता. एके रविवारीं दानाची रक्कम हिशेबाहून कमी भरली. दोन वजनदार गृहस्थांनीं आमच्या कानांत त्या सेवकाचें नांव सांगितलें. आम्हीं सेमिनरींत कायद्याचे धडे घेतलेले, आदामाचा हा दाखलाही वाचलेला. तरी त्याच सायंकाळीं आम्हीं त्याच्याकडून किल्ल्या परत घेतल्या. त्यास एक प्रश्नही विचारला नाहीं. तो मान खालीं घालून गेला. तीन महिन्यांनीं वर्षाचा हिशेब जुळवितांना आढळलें कीं, ती रक्कम आम्हींच आपल्या हातानें दुसऱ्या वहींत टिपली होती. आम्हीं त्याचें घर शोधीत गेलों व त्याची क्षमा मागितली. मग पुढच्या रविवारीं मंदिरांत सर्वांसमक्ष आपली चूक सांगितली. त्या दिवशीं घरीं तो आम्हांस एवढेंच म्हणाला, "फादर, मला एकदां बोलावून विचारलें असतें, तर बरें झालें असतें."

त्या एका वाक्यांत कार्डिनल लम्वान यांची सारी टीका आली. ती त्या सेवकानें वाचली नव्हती. आम्हीं वाचली होती.

बंधुभगिनींनो, आपल्या घरांत, विहिरीवर, बाजारांत व मंडळांच्या बैठकींत रोज कितीतरी खटले चालतात. सून, शेजारी, भागीदार, कारकून, कधीं खुद्द धर्मगुरू, यांच्यावर निकाल लागतो आणि आरोपीस त्याचा पत्ताही नसतो. ज्युबिलीच्या या वर्षीं ज्याचें त्याला परत करावयाचें असेल, तर जमीन व पैसा यांच्याही आधीं कोणाचें नांव आपण हिरावून घेतलें आहे तें आठवावें. ज्याचें म्हणणें आपण ऐकलें नाहीं त्याच्या दारीं जावें, त्यास हांक मारावी, आणि तो बोलेल तें शेवटपर्यंत ऐकावें. पन्नास वर्षांपूर्वीं ज्यांनीं हें मंदिर बांधलें त्यांनीं त्याचें दार कोणास बंद ठेविलें नव्हतें. आपल्या कानांचेंही दार बंद नसावें.

ज्या देवानें अपराध ठाऊक असूनही आदामास बोलावून विचारलें, तो देव आपणां सर्वांस ऐकून घेण्याची सहनशीलता देवो, हीच या शुभप्रसंगीं आमची प्रार्थना.